घरगुती सुतारकामासाठी सीएनसी राउटरचे किट: क्षेत्रफळ नव्हे, सांगाडा पाहून घ्यावे

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार फिरते पाते चालवून लाकूड कोरणारे यंत्र. ते स्वतः जुळवायच्या किटची जाहिरात करताना कामाच्या क्षेत्राचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो; पण प्रत्यक्ष लाकूड कापताना यंत्राची लायकी ठरते ती सांगाड्याच्या ताठपणावर, आणि त्याविषयी जाहिरातीत बहुधा चकार शब्द नसतो. बडोद्यातील घरी माझ्याकडे एक लहान ३०१८ आणि दुसरे ६०० बाय ६०० मिलिमीटरचे बॉल स्क्रूचे (छोट्या गोळ्यांवरून सरकणाऱ्या आटेदार दांड्याचे), अशी दोन किटे असून पुढील मते त्या वापरावर आधारलेली आहेत.

३०१८ म्हणजे साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचे क्षेत्र, १० मिलिमीटर जाडीच्या गोल दांड्या, ८ मिलिमीटरचा लीड स्क्रू (फिरून भाग सरकवणारा साधा आटेदार दांडा) आणि स्पिंडल (पाते फिरवणारा भाग) म्हणून ७७५ जातीची छोटी डीसी मोटर. जुळणी सोपी आहे आणि त्यावर चालणारे जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर विनासायास सुरू होते. दारावरची पाटी, एमडीएफवरील (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवरील) उथळ नक्षी, गणपतीच्या मखराची पातळ जाळी ही कामे ते समाधानकारक करते. सागवानात मात्र ३ मिलिमीटरच्या बिटला (कापणाऱ्या पात्याला) एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल उतरवले की आवाज बदलतो, गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान, थरथरू लागते आणि कापाच्या कडेवर खवल्यांसारख्या लाटा उमटतात.

दोन्ही टोकांना टेकवलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराखाली ती आठ पट वाकते. उलट गोल दांडीची जाडी १० ऐवजी १६ मिलिमीटर घेतली, तर वाक सुमारे साडेसहा पटींनी घटतो. त्यामुळे त्याच दांड्या लांब करून ‘मोठे क्षेत्र’ म्हणून विकलेले किट मी फुकट मिळाले तरी घेणार नाही. मोठ्या क्षेत्रासाठी खालून सलग आधार असलेली लिनिअर रेलच (सरकण्याची सरळ पट्टी) हवी. पट्ट्यावर चालणारी किटे वेगवान असतात आणि प्लायवूडच्या उथळ कामाला चालतात, परंतु लांब पट्टा ताणला जातो आणि कठीण लाकडात मापे हलतात.

माझे दुसरे किट १६०५ बॉल स्क्रूचे, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचे आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारे असून, त्याला नेमा २३ या प्रमाणित मापाच्या मोटरी आहेत. सागवानात ६ मिलिमीटरचे बिट एका फेरीत ३ मिलिमीटर खोल नेले तरी कड स्वच्छ येते. विक्रेत्याविषयी मात्र तक्रार आहे: ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्यांची टोके काटकोनात कापलेली नव्हती, गुण्या लावताच खालून उजेड दिसत होता, आणि कळवल्यावर ‘बोल्ट घट्ट केले की बसेल’ एवढेच उत्तर आले. अखेर मकरपुरा जीआयडीसीतील एका वर्कशॉपमधून टोके सरळ करून आणली. म्हणून किट हाती येताच प्रत्येक टोक गुण्याने तपासावे आणि सांगाडा उभा झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक राहिला, तर चौकोनी पेटीचे झाकण कधीच नीट बसत नाही.

स्पिंडल स्वतंत्र घेता येत असल्यास छंदासाठी ८०० वॅट पुरेसे आहे. २.२ किलोवॅटचा मोह झाल्यास तो पूर्ण भाराला किमान १० अँपिअरच्या आसपास वीज घेतो, म्हणजे घरातले ६ अँपिअरचे सॉकेट त्याला चालणार नाही, हे ध्यानात ठेवावे. धूळ ओढणारी नळी किटसोबत क्वचितच येते, पण एमडीएफच्या बारीक भुशामुळे ती आणि मास्क दोन्ही अनिवार्य समजावेत. खालचा एमडीएफचा पाट आमच्याकडच्या पावसाळ्यात फुगतो. दसऱ्याच्या सुमारास त्यावरून सपाटीचे बिट एकदा फिरवून घेतले की पुन्हा खोली सर्वत्र सारखी येते.

संखेड्याच्या लाखकामाच्या खुर्चीसारखे गोल पाय यावर निघतील का, असे आमच्याकडे येणारे पाहुणे हटकून विचारतात. ते काम लेथचे आहे. त्यासाठी फिरता चौथा अक्ष वेगळा जोडावा लागतो आणि लांब पायांना ६०० मिलिमीटरही अपुरे पडते. केवळ पाट्या आणि नक्षी करणाऱ्याने ३०१८ वर समाधान मानावे. सागवानी पेट्या, चौरंग, खिडकीच्या जाळ्या करायच्या असतील, तर क्षेत्र थोडे कमी चालेल, पण रेल आणि बॉल स्क्रू असलेलेच किट मागवावे.