पिकअपचा पिकअप परत आला: ॲक्सलचे ३.७३ चे गिअर काढून ४.५६ चे बसवले, त्याची हकीकत

मोठे टायर घालायची हौस माझीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! कंपनीचे २६५/७० आर १७ काढले आणि ३१५/७० आर १७ चढवले. मापावरून काढलं तर चाकाची उंची ८०३ मिलिमीटरवरून ८७३ वर गेली. गाडी दिसायला पैलवान झाली आणि चालायला म्हातारी.

माझी गाडी डबल कॅब डिझेल, फोर बाय फोर, पाच गिअरची मॅन्युअल. कामासाठी मागे पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी आणि बऱ्याचदा ट्रेलरवर जनरेटर असतो. पुढे लोखंडी बंपर आणि विंच. पूर्वी ताशी ८० ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन साधारण १५७५ आरपीएमवर फिरायचं, मोठ्या टायरवर ते १४५० वर आलं. माझ्या इंजिनाचा टर्बो १६०० च्या खाली झोपलेलाच असतो. त्यामुळे जरा चढ लागला की चौथा, ट्रेलर असला की तिसरा. पाचवा गिअर नुसता शोभेला उरला. आणि रिव्हर्समध्ये ट्रेलर चढावर ढकलताना क्लचचा जो वास यायचा, तो अजून नाकात आहे.

उपाय माहीत होता: पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन बदलायचे, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो मिळतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. माझ्या मूळ जोडीत ४१ आणि ११ होते, म्हणजे ३.७३. यात एक गंमत आहे. ४१ ला १० ने भागा, ४.१० येतो. ९ ने भागा, ४.५६. ८ ने भागा, ५.१३. क्राउनवर तेवढेच दाते, पिनियनचा एकेक दात कमी होत जातो. दात कमी तसा पिनियन बारीक आणि एका वेळी एकमेकांत अडकणारे दातेही कमी, म्हणून ताकदीच्या हव्यासापोटी थेट ५.१३ वर उडी मारणं शहाणपणाचं नाही.

टायर १.०८७ पट मोठे झाले, म्हणून ३.७३ ला तेवढ्याने गुणलं तर ४.०५ आले. म्हणजे ४.१० घातले असते तर गाडी जवळपास मूळपदावर आली असती. पण मूळपदावर असताना तिच्यावर विंच नव्हती, टाकी नव्हती, ट्रेलर तर नव्हताच. मी ४.५६ घ्यायचं ठरवलं.

आता गॅरेजांची गोष्ट. नावं कुणाचीच घेत नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने एका दिवसात मागचा ॲक्सल करून दिला. पुढचा 'पुढच्या आठवड्यात, तोवर फोर बाय फोर लावू नका.' हा सल्ला मात्र बरोबर होता. मागे ४.५६ आणि पुढे ३.७३ असताना ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा २२ टक्के जास्त पळायला बघणार. कोरड्या रस्त्यावर तसं जोडलं तर काहीतरी तुटणारच. पुढचे-मागचे रेशो जुळलेच पाहिजेत, दुसऱ्या दशांश स्थळातला किरकोळ फरक तेवढा चालून जातो.

घरी येताना साठच्या पुढे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून आवाज यायला लागला. बायकोने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "अहो, कुणी शंख फुंकतंय का?" मी म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. हे वाक्य मला गॅरेजवाल्यानेच शिकवलं होतं. ४०० किलोमीटर झाले, शंख काही बसला नाही. फोन केला तर उत्तर तेच. ॲक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे या गिअरच्या कवचाला, हात लावला तर हात ठेवता येईना.

मग एका मित्राने दुसरं गॅरेज सुचवलं. तिथले मिस्त्री साठीच्या आसपासचे, फार न बोलणारे. गाडी लिफ्टवर घेण्याआधी त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: वजन किती नेता, सगळ्यात जास्त कुठल्या वेगाने चालवता, आणि आधीच्याने रंग लावून फोटो दिला का? तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प.

रंग म्हणजे मार्किंग कंपाउंड. क्राउनच्या काही दात्यांना पिवळा रंग फासायचा, पिनियनला जरा रोखून क्राउन दोन्ही दिशांना फिरवायचा, मग दाते एकमेकांना नक्की कुठे भिडतात त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यावर पाहिजे. तो मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, टोकाकडे गेला तर फार बाहेर. माझा ठसा थेट मुळाशी होता. उघडल्यावर कळलं, पहिल्याने जुन्या पिनियनखालची शिम (उंची जुळवायची पातळ चकती) तशीच नव्या पिनियनखाली घातली होती. जुनी शिम सुरुवातीला लावून बघायला ठीक, पण ती बरोबर बसली की नाही हे रंगच सांगतो. इथे ०.०५ मिलिमीटरने सुद्धा ठसा सरकतो.

मला वाटलं होतं, शिम बदलली की काम होईल. मिस्त्रींनी मान हलवली. ४०० किलोमीटर चुकीच्या जागी घासून दात्यांना तशीच सवय लागली होती. आता जागेवर आणलं तरी आवाज राहण्याची शक्यता मोठी. मागची जोडी नवीन घ्यावी लागली. हा भुर्दंड या गॅरेजचा नाही, तरी बिल त्यांच्या हातून आल्यामुळे पहिले दोन दिवस मी त्यांच्यावरच चिडलेला होतो.

काम दोन दिवसांत म्हणाले होते, चार लागले. पण तिसऱ्या दिवशी मी तिथे तीन तास स्टुलावर बसून होतो, त्यामुळे वेळ कशात गेला ते डोळ्यांनी पाहिलं. पिनियनचं बेअरिंग प्रेसने बसतं, आणि शिम बदलायची तर ते पुन्हा ओढून काढावं लागतं. मिस्त्रींकडे एक जुनं बेअरिंग होतं, आतून जरा मोठं घासलेलं, हाताने घालता-काढता येणारं. त्यावर त्यांनी चार वेळा शिम बदलून ठसा पाहिला. चौथ्यांदा ठसा मधोमध आल्यावरच नवीन बेअरिंग प्रेसखाली गेलं.

त्यानंतर क्रश स्लीव्ह. ही पत्र्याची नळी नट आवळताना चेपत जाते आणि बेअरिंगवर ठरावीक दाब ठेवते. चेपायला जोर प्रचंड लागतो, दांड्याला पाइप लावून दोन माणसं लटकली होती. पण जरा जास्त आवळली की ती फेकून नवी घालायची, नट मागे सैल करून भागत नाही. म्हणून केसभर आवळायचं, पिनियन फिरवून जडपणा मोजायचा, पुन्हा केसभर. शेजारी रेडिओ चालू होता, तो त्यांनी या वेळी बंद करायला सांगितला.

शेवटी क्राउन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे बॅकलॅश. डायल गेज लावून चार जागी मोजला: ०.१८, ०.१९, ०.२०, ०.१८ मिलिमीटर. साधारण ०.१५ ते ०.२५ मध्ये असायला हवा, आणि चार जागी फार फरक नको. हे आकडे, बेअरिंगवरचा तो दाब म्हणजे प्रीलोड, आणि दोन्ही बाजूंच्या ठशांचे फोटो मला कागदावर मिळाले. पुढच्या ॲक्सलचेही. या कागदासाठी मी त्यांना पाचपैकी साडेचार देतो.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून एकमेकांना बसवलेले असतात. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळतोय का ते स्वतः बघून घ्या. क्राउनच्या कडेला ४१ आणि ९ हे दात्यांचे आकडेही दिसतात. एवढं करूनही माझा संशयी स्वभाव गेला नाही. घरी एक मागचं चाक उचललं, बाकीच्यांना ओंडके लावले, गिअर न्यूट्रलला. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) एक चाक जमिनीवर असेल तर उचललेलं चाक पूर्ण दोनदा फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. साडेचार आणि वर थोडासा. समाधान झालं.

अजून एक प्रश्न या मिस्त्रींनी आपणहून काढला, जो पहिल्याने काढला नव्हता. काही ॲक्सलमध्ये एका ठरावीक रेशोपुढे क्राउन ज्यावर बसतो तो कॅरिअरच बदलावा लागतो, कारण पिनियन बारीक झाल्यामुळे क्राउन त्याच्यापर्यंत पोचत नाही. डाना ४४ नावाच्या ॲक्सलमध्ये ही रेघ ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये आहे. माझ्या ॲक्सलला ही भानगड नव्हती, पण सुटे भाग मागवण्याआधी हे विचारलं नाही तर गाडी उघडी पडून राहते.

आता उणे बाजू. पहिली, गाडी हातात दिली तेव्हा स्पीडोमीटरला कुणी हात लावला नव्हता. माझ्या गाडीत वेग ट्रान्स्फर केसच्या शाफ्टवरून मोजला जातो. जुन्या रेशोवर मोठे टायर असताना काट्यावर १०० दिसले की खरा वेग १०९ च्या घरात असायचा. ४.५६ नंतर उलटं झालं, काटा १०० आणि गाडी ८९. ओडोमीटरही त्याच चालीने पळतो. पहिल्या टाकीला ॲव्हरेज वाढलं म्हणून मी खूश झालो, ते सगळं खोटं होतं. परत गेलो तेव्हा अर्ध्या तासात कॅलिब्रेशन करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण मला तीन तासांचा फेरा पडला. ज्यांच्या गाडीत वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून येतो, त्यांना रेशोचा हा फरक काट्यावर दिसणार नाही, टायरचा दिसेल.

दुसरी, मागच्या पिनियनचं ऑइल सील आठवड्याभरात पाझरायला लागलं. सील बदललं, नट खूण करून परत त्याच जागी आणला, आता कोरडं आहे. तरी नव्या कामावर ऑइलचा थेंब दिसला की मन खट्टू होतं. तिसरी, फोन उचलत नाहीत.

रनिंग-इनच्या सूचना मात्र चोख होत्या. पहिले २५-३० किलोमीटर सावकाश, मग हाउसिंग पूर्ण थंड होईपर्यंत उभी. असं तीन-चार वेळा. ८०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर नाही, मग ऑइल बदल. नवे दाते एकमेकांना घासून गुळगुळीत होताना खूप तापतात, तेव्हाच ओझं ओढलं तर ऑइल जळतं आणि जोडी कायमची बिघडते. ट्रेलरशिवाय ८०० किलोमीटर काढताना माझं कामाचं वेळापत्रक कोलमडलं, ते आधीच धरून चाला. ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल होता, तुकडा एकही नाही. जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल परत भरलं.

आणि गाडी? ८० ला पाचव्यात आता १७७० च्या आसपास. टर्बो जागा असतो. ज्या चढावर ट्रेलरसह तिसरा लागायचा, तिथे चौथ्यात जाते आणि थोडा पाय अजून शिल्लक राहतो. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा सावकाश पण जोरदार टप्पा) पहिल्या गिअरचा एकूण रेशो ४० वरून ४९ वर गेला. मोठ्या टायरचं वजा केलं तरी जुन्या हिशेबाने ४५ होतात. दगडांवरून उतरताना ब्रेकवरचा पाय आपोआप वर आला. रिव्हर्समध्ये क्लचचा वास नाही.

मोकळी गाडी मात्र पहिल्या गिअरला वैतागते, दोन मीटर जात नाही तोच दुसरा मागते. मी आता सपाटीवर दुसऱ्यावरच उचलतो. मोकळ्या रस्त्यावर १०० ला २२०० आरपीएम होतात, आणि ११० च्या पुढे आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतात. मी तिथे क्वचितच जातो. तुमचा बहुतेक प्रवास मोकळ्या गाडीने हायवेवर होत असेल तर याच टायरला ४.१० घ्या, १०० ला २००० च्या आत राहाल.

जुनी ४१-११ ची जोडी मिस्त्रींनी ग्रीस लावून, तारेने एकत्र बांधून परत दिली. ती शेडमध्ये आहे. बायको विचारते, हे भंगार कधी देणार? पहिल्या गॅरेजची शंख फुंकणारी जोडी मी आधीच भंगारात दिली, एवढंच सध्या तिला दाखवायला आहे.