झेडपी शाळेचं वीजबिल: सवलतीचा दर की छतावर सोलर?

महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा – शासकीय’ असा वेगळा वर्ग आहे. त्याचा दर दुकानांच्या व्यापारी दरापेक्षा कमी. खर्च शून्य; फक्त बिलावरचा वर्ग बरोबर आहे ना, ते मुख्याध्यापकांनी एकदा बघायचं. चुकला असेल तर अर्ज करायचा.

पण दर कमी झाला तरी स्थिर आकार सुटत नाही. मे महिन्यात शाळेला कुलूप, पंखे बंद, तरी बिल येतंच. आणि बिल भरायचं कशातून? तुटपुंज्या अनुदानातून, नाहीतर गुरुजींच्या खिशातून.

सोलरचं गणित वेगळं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा, महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट. शाळा उन्हातच भरते, हे जमेचं. नेट मीटर (घेतलेली आणि परत ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) असेल तर सुट्टीतली जादा वीज पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते. स्थिर आकार मात्र इथेही भरावा लागतो. शिवाय पॅनल पुसणार कोण, इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्ती कोणाच्या पैशातून?

दोन खोल्यांच्या, कौलारू शाळेला सवलतीचा दर पुरे. संगणक कक्ष आणि स्लॅबचं छत असेल, तर माझं मत सोलरला, देखभालीचा करार लेखी असेल तरच.