नव्या म्हणून विकलेल्या डिस्क निघाल्या तीन वर्षं वापरलेल्या

1,21,186 रुपये. चार डिस्क बसतील असा नॅस बॉक्स (सगळ्या ऑफिसच्या फाइल एकत्र ठेवणारं यंत्र) 52,000, चार टीबीच्या (टेराबाइट) चार डिस्क 11,800 प्रमाणे 47,200, बसवून देण्याचे 3,500, वर जीएसटी 18,486. पक्कं बिल आहे. फक्त डिस्कचे सिरीयल नंबर त्यावर नाहीत, नुसतं ‘4 नग’. पहिली गोष्ट तीच: सिरीयल नंबर नसलेलं बिल घेऊ नका.

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस, सात माणसं. विकणारा ओळखीतला, आमचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं तोच सांभाळायचा. बॉक्स घेऊन आला तेव्हा डिस्क आधीच ट्रेमध्ये बसवलेल्या. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, दुकानातच टेस्ट करून आणल्या, तुमचा वेळ वाचवला.” तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. नवी डिस्क सीलबंद चंदेरी पिशवीत येते आणि ती पिशवी आपल्यासमोरच फुटली पाहिजे. पण डोळे झाकून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. मी स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते ती नोंद, उघडायला लावला होता. डिस्क किती तास चालली? चारही ठिकाणी 2. यापेक्षा काय तपासायचं ग्राहकाने?

तो आकडा पुसता येतो, हे सातव्या महिन्यात कळलं. ऐन ऑडिटच्या हंगामात एक डिस्क गेली. रेड 5 होतं, म्हणजे चारपैकी एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी मांडणी, म्हणून नवी डिस्क टाकून रीबिल्ड लावलं, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा भरायला लावला; रात्रीत त्या ताणाने दुसरीही गेली आणि सगळा डेटा गेला. “रेड आहे, वेगळा बॅकअप कशाला?” हेही विकणाऱ्याचेच शब्द. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रोजची एक प्रत बॉक्सच्या बाहेर हवीच.

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्यांना 64,900 गेले, तरी काही फोल्डर मिळालेच नाहीत. तिथल्या मुलाने डिस्कमधली फार्म नावाची, स्मार्टहून वेगळी आतली नोंद वाचून दाखवली: डिस्क चालली 31,000 तासांच्या वर. आमच्याकडे जेमतेम 5,000 झाले होते. काही डिस्कमध्येच ही नोंद असते, पण असेल तर स्मार्टशी ताडून बघा. जर्मनीत 2025च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क अशाच नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं होतं, तेही याच नोंदीवरून. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही पैसे देण्याआधी बघा.

आता विकणारा म्हणतो, “या डिस्क मी दिलेल्याच नाहीत, बिलावर नंबर दाखवा.” पोलीस चौकीत गेले तर “हा दिवाणी मामला.” खोटं सांगून माल गळ्यात मारणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर साहेब नाहीत, उद्या या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उत्तर आलं, विक्रेत्याशी बोलून घ्या. ग्राहक आयोगात गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते दाखवलं. तर म्हणे सात माणसं आहेत ना! अठरा टक्के कर घेताना कुणी माणसं मोजली नव्हती. मोठ्या कंपनीकडे वकील असतात. आमच्यासारख्यांनी कुठल्या दारात उभं राहायचं?

वकिलाकडून नोटीस पाठवली आहे, त्याचे 5,000. ओळखीतून बसवून घेतलेला बॉक्स तुमच्याकडे असेल, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवा, मग बॉक्स बंद करून, ट्रे बाहेर काढून चारही सिरीयल नंबरांचे फोटो घ्या, आणि विकणाऱ्याकडून ते नंबर लेखी मागा. फोनवर नको.