रायफलचा प्रायमर: साधा की मॅग्नम?

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, आतली दारू (बारूद) पेटवणारी छोटी टोपी. घरी काडतूस भरताना ती साधी घ्यायची की जास्त आगीची, म्हणजे मॅग्नम, हा प्रश्न. मोठ्या रायफल-प्रायमरमध्ये दोन्ही एकाच मापाचे, ०.२१० इंच व्यासाचे. हातात घेतले तर ओळखूही येणार नाहीत. फरक आत आहे. मॅग्नमची ज्वाला जास्त गरम असते आणि जास्त वेळ टिकते. सीसीआय या कंपनीचा २०० क्रमांकाचा साधा, २५० मॅग्नम. फेडरल कंपनीचे तसेच २१० आणि २१५.

.३०८ सारख्या मध्यम काडतुसात, कांडीच्या आकाराची दारू असेल, तर माझा कौल निःसंशय साध्याला. तिथे जास्तीच्या आगीची गरजच नसते. मॅग्नमची खरी जागा मोठ्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत), कडाक्याच्या थंडीत, आणि विशेषतः बॉल पावडरसोबत, म्हणजे गोल दाण्यांच्या दारूसोबत. या गोल दाण्यांवर ज्वलन मंदावणारा लेप असतो, त्यामुळे ते सहजी पेट घेत नाहीत. कमी पडलेली ठिणगी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, लगेच दिसते: एका गोळीचा वेग वर, पुढचीचा खाली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. साधा मिळाला नाही म्हणून त्याच दारूच्या मापावर मॅग्नम बसवू नका. दाब वाढू शकतो. लोड-पुस्तकातल्या (दारूची मापं देणाऱ्या पुस्तकातल्या) सुरुवातीच्या मापावर परत या आणि तिथून हळूहळू चढा. झाडलेल्या केसचा प्रायमर नीट बघा. कडांची गोलाई जाऊन तो सपाट झाला असेल, तर ती जास्त दाबाची खूण; थांबा.