इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिकला जादा ट्रान्समिशन कूलर : वापरानंतरचे मत

ऑटोमॅटिक गाडीला वेगळा ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल गार करणारी जाळी, बसवावा का, या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे आणि गाडी कोणत्या रस्त्यावर किती वजन घेऊन चालते, हे विचारल्याखेरीज दिलेल्या उत्तराला काही अर्थ नाही. माझी गाडी २.८ लिटर डिझेल इंजिनाची, सहा गिअरची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक आहे. कोल्हापूरहून कोकणात तिची कायम ये-जा असते आणि बहुतेक वेळा सातही जागा भरलेल्या असून टपावर सामान असते. अशा वापरासाठी कूलर बसवून घेतला, त्याचे मला समाधान आहे. तो प्रत्येकाने बसवावा, असे मात्र मी म्हणणार नाही.

माझ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये साध्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. इंजिनाकडची पाती वेगाने फिरत असतात आणि गिअरबॉक्सकडची मागे पडलेली असतात, तेव्हा जी ताकद चाकांपर्यंत जात नाही, ती उष्णता होऊन तेलात उतरते. मोकळ्या महामार्गावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो, घसरण थांबते आणि तेल फारसे तापत नाही. म्हणूनच ताशी शंभरच्या वेगाने तासन्‌तास धावणाऱ्या गाडीपेक्षा घाटात रखडत चढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स अधिक तापतो. हे अनेकांना उलटे वाटते, पण कूलरचा निर्णय याच गोष्टीवर घ्यायला हवा.

कूलर घेण्यापूर्वी मी तेलाचे तापमान मोजायला लागलो. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या कूलंटचा असतो. गिअरबॉक्सचे तेल किती तापले आहे, हे त्यावरून कळत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) लावायचा छोटा अडॅप्टर आणि टोयोटाचे स्वतःचे संकेत वाचणारे मोबाइल अ‍ॅप एवढ्यावर काम भागते. माझ्या गाडीत दोन आकडे दिसतात : एक कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा आणि दुसरा खालच्या पॅनमधल्या तेलाचा. साखरप्याहून आंबा घाट चढताना पुढे भरलेला ट्रक असला आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकली, की पहिला आकडा पाहता पाहता १२० अंशांच्या पुढे जाई. पॅनमधला आकडा सावकाश चढे, पण घाटमाथ्यावर येईपर्यंत तोही ११० च्या आसपास पोहोचलेला असे आणि नंतर सपाट रस्त्यावरही बराच वेळ खाली येत नसे. साधारण ८० ते ९५ अंशांत तेल सुखात असते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा जाणकारांचा ढोबळ ठोकताळा आहे. तेल जळके आणि काळपट होऊ लागले, की सील कडक होतात आणि क्लच प्लेटा घसरायला लागतात.

हे तेल गार करण्याची कंपनीची मूळ सोय रेडिएटरच्या पाण्यावर अवलंबून असते. घाटात ते पाणीच नव्वद अंशांच्या घरात असल्याने तेल त्याखाली उतरू शकत नाही. जादा कूलर हवेवर चालतो, हा त्याचा खरा फायदा.

मी घेतलेला कूलर स्टॅक्ड प्लेट प्रकारचा, म्हणजे पातळ पट्ट्यांचे थर एकावर एक रचलेला आहे. एकाच नळीला वळणे देऊन बनवलेल्या स्वस्त प्रकारापेक्षा तो कमी जागेत जास्त उष्णता बाहेर टाकतो आणि तेल गार व घट्ट असताना त्याला फारसा अडथळाही करत नाही. तो रेडिएटरच्या ऐवजी नव्हे, तर रेडिएटरनंतर, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर जोडून घेतला. रेडिएटर वगळला तर थंडीतल्या पहाटे तेल वेळेवर गरम होत नाही, आणि गरजेपेक्षा गार तेलही गिअरबॉक्सला मानवत नाही.

माल चांगला असला तरी तो बांधायला सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मी वापरू दिल्या नाहीत. त्या एसीच्या कंडेन्सरच्या, म्हणजे एसीचा गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीतून आरपार ओवायच्या असतात. गाडीच्या थरथरीने त्या नळ्यांवर घासत राहतात आणि पुढे गॅस गळण्याची धास्ती राहते. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून कूलर कंडेन्सरच्या पुढे, मध्ये बोटभर फट ठेवून बसवला. होज पाइपही ट्रान्समिशन तेलासाठीचाच हवा. इंधनाचा पाइप दिसायला सारखा असला तरी या उष्णतेत तो टिकेल याची खात्री नसते. काम झाल्यावर वाढीव तेल भरून पातळी तपासावीच लागते. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, त्यामुळे गाडी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावरच खालच्या बोल्टातून पातळी पाहतात. घाईत असलेल्या वर्कशॉपमध्ये हे काम देऊ नये.

आता त्याच घाटात कन्व्हर्टरचा आकडा अजूनही उसळी घेतो, कारण उष्णता तयार व्हायची थांबलेली नाही. पण पॅनमधले तेल शंभरच्या आत राहते आणि माथा ओलांडल्यावर लवकर खाली येते. गाडी चालवताना मात्र काडीचाही फरक जाणवत नाही. गिअर अधिक मऊ पडतील किंवा मायलेज वाढेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

एएमटी गाडीला हा कूलर निरर्थक आहे, कारण तिथे साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच असतो, फक्त ते यंत्राने आपोआप चालवले जातात. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीक्यू२०० सारख्या ड्राय क्लच डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) उष्णता कोरड्या प्लेटांवर तयार होते, तिथपर्यंत हे तेल जातच नाही. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी शहरात दोन-तीन माणसे घेऊन फिरत असेल, तर हेच पैसे वेळेवर योग्य ग्रेडचे तेल बदलण्यात घालवावेत. माझ्या गाडीला टोयोटाचे डब्ल्यूएस ग्रेडचे तेल लागते, आणि कूलर बसवण्याआधी मी तेच नवे भरून घेतले होते. घाटात मॅन्युअल मोडमध्ये गिअर खाली धरून इंजिन थोडे वरच्या फेऱ्यांवर ठेवले तरी घसरण कमी होते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावे. तेलाच्या लाइनला हात लावल्याचे कारण दाखवून गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो. पावसाळ्यानंतर कूलर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत चिखल आणि पालापाचोळा साचतो. तो हलक्या दाबाच्या पाण्याने काढून घ्यावा आणि त्याच वेळी होजचे क्लॅम्प ओले नाहीत ना, हे हात फिरवून पाहावे.