डीएसएलआर घेताय? आधी डायल मोजा

दिवाळी महिन्यावर आली की मला ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. "एवढं एवढं बजेट आहे, कुठला कॅमेरा घेऊ?" मी बजेटचं नंतर बघू म्हणतो आणि एकच प्रश्न विचारतो. घरच्या गणपतीची आरती चालू आहे. ट्यूब मुद्दाम बंद केलीय, उजेड आहे तो समयांचा आणि मखरातल्या माळांचा. तुम्ही फोटो काढलात आणि टाळ्या वाजवणाऱ्या आजीचे हात पुसट आले. आता काय कराल?

कोणी म्हणतं, "परत काढेन." कोणी म्हणतं, "शटर वाढवेन, पण मग फोटो काळा येतो ना?" आणि एखादा सांगतो, "एफ १.८, शटर १२५, आयएसओ १६००. आरतीच्या आधीच लावून ठेवतो." (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तेवढा उजेड जास्त. शटर १२५ म्हणजे सेकंदाचा १२५वा भाग. आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते.) या तीन माणसांना तीन वेगळे कॅमेरे लागतात. मेगापिक्सेलवरून हा फरक कळत नाही. निकॉनचा सगळ्यात साधा डी३५०० आणि त्याच्या वरचा डी५६०० या दोघांचेही सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचे. दोघांवर एकच लेन्स लावून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे मला सांगता येणार नाही, आणि मी बरीच वर्षं यात घालवली आहेत. वरच्या कॅमेऱ्याचे जादा पैसे बहुतांशी जातात ते डायल (सेटिंग फिरवायची चाकं), व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी), फोकसचे पॉइंट (चौकटीत फोकस धरायच्या जागा) आणि वेग यांवर.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. कॅनन आणि निकॉन दोघंही आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळलेत. निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले, डी७८० आणि डी६. त्यामुळे खालच्या तुलनेतले बरेच कॅमेरे सेकंडहँड बाजारातच शोधावे लागतील. मला यात तोटा दिसत नाही. मिररलेसच्या मागे लागलेल्यांनी विकायला काढलेल्या चांगल्या लेन्सा आपल्याला स्वस्तात मिळतात.

तर पहिल्या पायरीवरचे, "परत काढेन" म्हणणारे. यांच्यासमोर बहुधा तीन नावं असतात: कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० आणि कॅनन २००डी मार्क टू. पहिले दोन २०१८ चे, तिसरा २०१९ चा.

१५००डी दुकानदार सगळ्यात आधी पुढे करतो, कारण तो स्वस्त आणि सहज मिळणारा. २४.१ मेगापिक्सेल, फोकसचे ९ पॉइंट, सेकंदाला ३ फोटो, एका चार्जिंगमध्ये ५०० फोटो. डी३५०० मध्ये ११ पॉइंट, सेकंदाला ५ फोटो आणि बॅटरी तब्बल १५५० फोटोंची. म्हणजे चार्जर घरी विसरून चार दिवस कोकणात जाऊन या, काही बिघडत नाही. वजनही बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, १५००डी मात्र ४७५. अंधारातल्या फोटोतले काळे भाग नंतर उजळायचे झाले तरी निकॉनचा सेन्सर सरस; कॅननचा त्यामानाने जुन्या घडणीचा. डी३५०० मध्ये गाइड मोडही आहे. "हलणारी वस्तू गोठवायची आहे" अशा शब्दांत तो विचारतो आणि सेटिंग लावून दाखवतो. शिकवणी लावल्यासारखंच म्हणा ना.

इथपर्यंत वाचून डी३५०० घ्यायला निघाला असाल तर थांबा. त्याला माइक जोडायची सोय नाही. वायरचा रिमोट जोडता येत नाही आणि आधीच्या डी३४०० ला चालणारा इन्फ्रारेड रिमोटही यातून काढून टाकला. दुरून क्लिक करायचं तर फोन हातात घ्यावा लागतो. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप काढणारं ब्रॅकेटिंग त्याच्यात नाही, ते १५००डी मध्ये आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: डी३५०० काय किंवा डी५६०० काय, दोघांच्याही बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नाही. "निकॉनची पन्नास एमएम स्वस्तात मिळतेय" म्हणून कोणी एएफ ५० एमएम एफ १.८ डी गळ्यात मारली, तर या कॅमेऱ्यांवर तिचा ऑटोफोकस चालणारच नाही, हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच घ्या. कॅननला ही भानगड नाही; त्यांच्या ईएफ लेन्सांत मोटर लेन्समध्येच असते.

तिसरा, २००डी मार्क टू, या दोघांपेक्षा महाग, पण ज्यांना फोटोबरोबर व्हिडिओही करायचेत त्यांना मी हाच सांगतो. स्क्रीन बाहेर काढून पुढे वळवता येतो, माइक जोडता येतो, आणि स्क्रीनवर बघून फोटो काढताना किंवा फुल एचडी व्हिडिओत फोकस झटकन आणि शांतपणे बसतो. डब्यावर ४के (फुल एचडीहून बारीक व्हिडिओ) लिहिलंय त्याला मात्र भुलू नका. ४के ला गेलं की चौकट कापली जाते आणि तो झटपट फोकसही उरत नाही.

या दोन्ही कॅननांत एक खोड आहे, ती बिलावर लिहिलेली नसते. फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध जो संपर्कबिंदू असतो, तो १५००डी आणि २००डी मार्क टू मधून कॅननने काढून टाकला. फक्त त्या एका बिंदूवर चालणारे स्वस्त ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारी यंत्रं) आणि जुने फ्लॅश या कॅमेऱ्यांवर चालत नाहीत. पुढे स्टुडिओ किंवा वाढदिवसाची कामं घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाताना मित्राचा ट्रिगर खिशात घालून जा आणि तिथेच लावून बघा.

आरतीतल्या आजीकडे परत येऊ. या तिन्ही कॅमेऱ्यांबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ ला गेली की एफ ५.६ च्या खाली उघडत नाही. एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, तिच्यापेक्षा साडेनऊ पटीहून जास्त उजेड आत घेते. किट लेन्सवर शटर १५ पर्यंत खाली यावं लागत असेल, तर प्राइमवर तोच उजेड १२५ ला मिळतो आणि आजीचे हात थांबतात. म्हणून पहिल्या पायरीवरच्या माणसाने महागडी बॉडी आणि किट लेन्स घेण्यापेक्षा स्वस्त बॉडी आणि सोबत एक प्राइम घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. निकॉनला ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स. कॅननवाले बहुतेक ५० एमएम एफ १.८ एसटीएम घेतात, १६० ग्रॅमची गोड लेन्स. पण कॅननच्या क्रॉप (लहान) सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मखर आणि माणसं एका चौकटीत आणायची तर पाठ भिंतीला टेकते. निकॉनची ३५ तिथे बरोबर बसते.

आता दुसऱ्या पायरीवरचे, "शटर वाढवेन, पण काळा येतो ना?" म्हणणारे. यांना शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांचं नातं कळलंय, हात अजून बसलेला नाही. वरच्या तिन्ही कॅमेऱ्यांना सेटिंग फिरवायची डायल एकच आहे. मॅन्युअलमध्ये शटर फिरवायला ती डायल, आणि अ‍ॅपर्चर बदलायचं तर एक बटण दाबून धरून पुन्हा तीच डायल. डी५६०० ची गतही तीच. सुरुवातीला याचा त्रास जाणवत नाही. पण वारीत रिंगणाचा घोडा समोरून धावत येतोय आणि तुमचा अंगठा बटण शोधतोय, अशी वेळ दोनदा आली की दोन डायल कशासाठी असतात ते कळतं. ज्या दिवशी एका डायलचा राग येईल, त्या दिवशी पायरी चढायची वेळ झाली समजा. त्याआधी नको.

इथे समोरासमोर येतात निकॉन डी७५०० (२०१७) आणि कॅनन ९०डी (२०१९). दोघांनाही दोन डायल. वर छोटा डिस्प्ले. व्ह्यूफाइंडर आरशांचा नसून काचेच्या प्रिझमचा, म्हणून मोठा आणि उजळ. शिवाय चौकटीच्या कडेला जे आहे ते सगळं दिसतं. खालच्या पायरीवर ९५ टक्केच दिसतं आणि घरी आल्यावर कोपऱ्यात कोणाची तरी चप्पल सापडते.

| | १५००डी | डी३५०० | २००डी मार्क टू | डी७५०० | ९०डी |
|---|---|---|---|---|---|
| मेगापिक्सेल | २४.१ | २४.२ | २४.१ | २०.९ | ३२.५ |
| व्ह्यूफाइंडरमधले फोकस पॉइंट | ९ | ११ | ९ | ५१ | ४५ |
| सेकंदाला फोटो | ३ | ५ | ५ | ८ | १० |
| एका चार्जिंगमध्ये फोटो | ५०० | १५५० | १०७० | ९५० | १३०० |
| बॅटरीसकट वजन (ग्रॅम) | ४७५ | ४१५ | ४४९ | ७२० | ७०१ |

तक्त्यावरून ९०डी जिंकल्यासारखा वाटतो, आणि व्हिडिओ करणाऱ्यांसाठी तो जिंकतोच. त्याचा ४के चौकट न कापता मिळतो, डी७५०० चा दीडपटीने कापलेला असतो. स्क्रीनवर बघून फोकस करतानाही ९०डी कितीतरी पुढे. पण ताडोबात पहाटेच्या पहिल्या फेरीत, ऊन यायच्या आत वाघ रस्त्यावर आला, तर माझ्या हातात मला डी७५०० हवा. जास्त आयएसओला त्याचे फोटो स्वच्छ येतात, आणि ९०डी चे ३२.५ मेगापिक्सेल लेन्स साधारण असेल तर तिचेच दोष मोठे करून दाखवतात. भिगवणला होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर उजेड भरपूर असतो. तिथे ९०डी चे जादा पिक्सेल आणि सेकंदाला १० फोटो दोन्ही कामी येतात.

डी७५०० ला कार्डाची खाच एकच आहे. त्याच्या आधीच्या डी७२०० ला दोन होत्या. चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड डी७२०० मिळाला आणि तुम्हाला ४के नको असेल, तर तो घ्या आणि वाचलेले पैसे लेन्सवर घाला. वरच्या ५० एमएमसारख्या जुन्या डी लेन्साही त्याच्यावर ऑटोफोकससकट चालतात.

तिसऱ्या पायरीवरच्याला खरं तर सल्ल्याची गरज नसते, त्यामुळे इथे थोडक्यात उरकतो. लग्नाची कामं घेणाऱ्याने आधी कार्डाच्या खाचा मोजाव्यात. एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो हवेत; मंगलाष्टकांचा रीटेक नसतो. कॅनन ६डी मार्क टू हलका आणि सुबक, पण खाच एक. निकॉन डी७५० ला दोन, त्याही साध्या एसडीच्या. म्हणून कमी पैशांत फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर) हवी असेल तर माझं मत डी७५० ला. मात्र त्याच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरसाठी निकॉनने मोफत दुरुस्ती जाहीर केली होती, तेव्हा सिरीयल नंबर आणि दुरुस्तीचा कागद बघून घ्या. ४५.७ मेगापिक्सेलचा डी८५० मला स्वतःला फार आवडतो, पण त्याच्या फाइली साठवायला आणि उघडायला घरचा कॉम्प्युटरही बदलावा लागेल, तो खर्च धरूनच विचार करा. फुल फ्रेमला जाताना जुन्या लेन्सांचं काय, हाही प्रश्न येतो. कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्सा त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्सा बसतात, पण चौकट कापून. डी७५० वर सुमारे दहा मेगापिक्सेलच उरतात.

सेकंडहँड घ्यायला फोर्टातल्या बोरा बाजारात जा नाहीतर गावातल्या फोटोग्राफरकडून घ्या, तीन गोष्टी स्वतः करा. एफ १६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले, ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा मिळतो, कॅननचा काढायला बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी७५०० चं शटर दीड लाख क्लिकांसाठी तपासलेलं आहे, ९०डी चं एक लाख वीस हजारांसाठी. आणि लेन्सच्या एका टोकाने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या.

हे तिसरं मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एक लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून चिपळूणच्या घरी कपाटात ठेवली आणि अख्खा पावसाळा तिच्याकडे बघितलं नाही. दसऱ्याला काढली तेव्हा आत जाळं धरलं होतं. आता माझ्या लेन्सा स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात असतात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि घरात चकलीला डबा कमी पडला की बोलणी मी खातो.