अनामतीचे ५९ हजार

"ताई, तुमची चादरींची ऑर्डर झाली का पुरी?"

दिग्रसकडच्या एका अनोळखी बाईचा फोन होता. मी ओव्हरलॉकवर बसले होते, मशीन बंद केली. कोणती ऑर्डर, म्हटलं. तर म्हणे, "सर सांगत होते, तुमाले सरकारी दवाखान्याचं बारा लाखांचं काम भेटलं. आमच्या गटालेही मिळवून देऊन राहिले." माझा नंबर काही सरांनी तिला दिला नव्हता. त्यांनी फक्त माझा फोटो दाखवला होता. फोटोत माझ्यामागं दुकानाचा फलक होता, त्यावरचा नंबर तिनं गुपचूप लिहून घेतला. माझ्यापेक्षा हुशार निघाली बाई.

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते. लाज वाटते, पण आमच्यासारख्या बाया लाजेनं गप्प बसतात, त्यावरच त्याचा धंदा चालला आहे.

आमचं गाव आर्णी तालुक्यात. ओसरीत सहा मशिनी, बचत गटातल्या सात जणी. ब्लाऊज, परकर, पिको-फॉल, लग्नसराईत थोडी कमाई. २०२४-२५ च्या वर्षासाठी शाळांचे गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा थोडे गणवेश आमच्याही वाट्याला आले. पुढं ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. पण सरकारी शिलाई आपल्याला जमते, एवढं डोक्यात बसलं होतं. तो माणूस आला तो नेमका गणवेशाच्या दिवसांत.

२०२४ चा ऑगस्ट महिना. मोटरसायकल, पांढरा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. गावात तेव्हा लाडक्या बहिणीची धांदल होती. आधार, पासबुक, ओटीपी हे शब्द निंदणाला जाणाऱ्या बायांच्याही तोंडी झाले होते. कुणी मोबाइल पुढं करून "ताई, कोड आला का?" विचारलं की आम्ही मुकाट्यानं वाचून दाखवायचो. सवयच लागली होती. त्याला आम्ही पहिल्या दिवसापासून सर म्हणू लागलो, का ते आता आठवत नाही. बॅग होती म्हणूनच बहुतेक.

त्यानं खाटेवर बसून जे सांगितलं ते असं. केंद्र सरकारचं २०१२ चं खरेदी धोरण आहे. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या वर्षाला जी खरेदी करतात, त्यातली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर फक्त लहान उद्योगांकडूनच घ्यायच्या. मोठ्या कंपनीनं सगळ्यांत कमी दर भरला आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर आपण तिच्या दरावर उतरून कामातला वाटा मागू शकतो. आणि माल घेतल्यावर ४५ दिवसांत बिल निघालं नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

हे सगळं खरं आहे. पुसदला कॉलेजात असलेल्या माझ्या भाच्यानं रात्री मोबाइलवर शोधून पाहिलं. म्हणाला, "मावशी, बरोबर सांगते तो." झालं! आम्ही कायदा तपासला, माणूस तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जाताना तो त्या धोरणाची दोन पानांची इंग्रजी झेरॉक्स ठेवून गेला होता. मी ती प्लॅस्टिकच्या फाइलीत घातली आणि मशिनीच्या वर खिळ्याला टांगली. ही झेरॉक्स लक्षात ठेवा.

मग पैसे सुरू झाले. उद्यम नोंदणीचे, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नाव लावायचे १,५००, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खातं उघडायचे ५,०००, डिजिटल सहीचे ३,५००. ऑगस्टच्या मध्यात लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे ३,००० खात्यात पडले, त्यातले निम्मे त्याच संध्याकाळी त्याच्या क्यूआर कोडवर गेले. कोडवर नाव कुणा बाईचं यायचं. विचारलं तर म्हणाला, "ऑफिसच्या मॅडम आहेत." कोणतं ऑफिस, हे मी विचारलं नाही. उद्यम नोंदणी फुकट असते, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि तिचं दरवर्षी नूतनीकरणही लागत नाही, हे मला डिसेंबरात कळलं. जेमवर नाव नोंदवायलाही फी नाही. डिजिटल सहीला मात्र खरंच पैसे पडतात, आणि महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर, निविदा भरायची तर ती लागते. त्याच्या यादीत एखादी खरी गोष्ट नेहमी असायचीच.

डिजिटल सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी बोटभर निळी वस्तू, तिला टोकन म्हणतात. मोबाइलच्या व्हिडिओत माझं तोंड, नाव, आधार दाखवून घेतलं आणि ते खरोखर निघून आलं. माझ्या हातात ते फोटोपुरतं आलं. एका हातात उद्यमचं प्रमाणपत्र, दुसऱ्यात टोकन, मागं दुकान. फोटो झाल्यावर म्हणाला, "ताई, घरात हरवते हे, माझ्याकडंच असू द्या." त्यानं पाऊच उघडला तर आत अशी पाच-सहा टोकनं रबर लावून ठेवलेली. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं बायांची नावं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि खरं सांगते, पाहून मला धीर आला. एवढ्या बाया आहेत म्हणजे काम पक्कं आहे!

आमच्याकडे आरीकाम करणाऱ्या एक भाभी आहेत. त्यांना त्यानं वेगळं गाठलं. तुम्ही अल्पसंख्याक, तुमचा कोटा निराळा, म्हणाला आणि ४,००० घेऊन 'अल्पसंख्याक उद्योजक प्रमाणपत्र' आणून दिलं. जाड कागद, सोनेरी गोल शिक्का. केंद्राच्या त्या धोरणात अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटाच नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कर्ज देतं, ती गोष्ट वेगळी. भाभींनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. फ्रेम अजून आहे, आत आता नातवाचा फोटो आहे.

सप्टेंबरच्या शेवटी ऑर्डर आली. म्हणजे त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. एका मोठ्या सरकारी कंपनीच्या दवाखान्यासाठी २,००० चादरी ४५० रुपयांनी आणि ४,००० उशीचे अभ्रे ७० रुपयांनी, एकूण ११,८०,०००. वर तीन सिंहांची मुद्रा. मुद्रेखाली 'सत्यमेव जयते' नव्हतं, हे पुढं पोलीस ठाण्यात दाखवलं तेव्हा दिसलं. त्या दिवशी मला फक्त आकडा दिसत होता. बॉबिन भरता भरता मी हिशेब करत होते. कापड वजा, दोरा वजा, बायांची मजुरी वजा, तरी दीड लाख उरतात. चादरीला शिवायचं तरी काय, चारी बाजूंनी दुमड!

आमच्या घरच्यांनी एकच प्रश्न विचारला. "दोन हजार चादरी म्हणजे पाच हजार मीटर कापड. एवढं उधार कोण देईन तुले?" मी म्हटलं, तुम्ही तुमची पऱ्हाटी पाहा. एवढा साधा हिशेब त्यांना सुचला आणि रोज कापड मोजणाऱ्या मला सुचला नाही.

ऑर्डर पक्की करायला ५ टक्के अनामत, म्हणजे ५९,०००. काम झालं की परत. शुक्रवारपर्यंत भरले नाहीत तर ऑर्डर वर्धेच्या गटाला जाईल. ३०,००० गटातून उचलले. २९,००० साठी पोत गहाण ठेवली. पैसे पुन्हा त्याच मॅडमच्या कोडवर. सोबत नमुना म्हणून चार चादरी शिवून मागितल्या, त्याही दिल्या. त्या बहुतेक त्याच्या घरी अंथरल्या असतील.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि त्याला आयतं निमित्त सापडलं. "ताई, आता फाइल हलत नाही." खरंच वाटायचं. गावातली रस्त्याची कामंसुद्धा थांबली होती. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला. मग म्हणाला, सरकार बनू द्या. त्यानंतर फोन बंद.

डिसेंबरात एसटीनं यवतमाळला गेले, जिल्हा उद्योग केंद्रात. सगळी फाइल नेली होती, खिळ्यावरची झेरॉक्सही. तिथल्या बाईंनी आधी उद्यमचं प्रमाणपत्र पाहिलं.

"तुम्ही शिवता ना? मग इथं ट्रेडिंग का लिहिलं?"

मला काय माहीत जी. फॉर्म त्यानं भरला होता. मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा. त्या म्हणाल्या, व्यापारी म्हणून नोंद असली तर या खरेदी धोरणाचा लाभच मिळत नाही, तो स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. म्हणजे १,५०० देऊन मी घेतलेलं प्रमाणपत्र माझ्या कामाचंही नव्हतं.

मग अनामतीचं विचारलं. मी ५९,००० सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. माझ्याच फाइलीतली ती झेरॉक्स काढली, दुसरं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निविदेचे कागद मोफत आणि अनामत रकमेतून सूट.

चार महिने तो कागद माझ्या डोक्यावर टांगलेला होता. खाली बसून मी त्याच अनामतीचे पैसे गोळा करत होते. त्यानं इंग्रजी झेरॉक्स दिली ती आम्ही वाचणार नाही या भरवशावर, आणि त्याचा भरवसा खरा ठरला. कॉलेजातल्या भाच्यानंही ती कधी हातात घेतली नाही, कारण मोबाइलवर आधीच 'खरं' निघालं होतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं, ते नीट लक्षात ठेवा. अनामत निविदा भरताना मागतात, ऑर्डर हातात आल्यावर नाही. काम मिळाल्यावर मागतात ती सुरक्षा ठेव. ती लहान उद्योगालाही लागू शकते, पण डिमांड ड्राफ्ट, मुदत ठेवीची पावती, बँक हमी नाही तर ऑनलाइन, तीही त्या कार्यालयाच्याच नावानं. कुणा माणसाच्या खात्यात सरकारी अनामत जात नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न होता, पैसे गेले कधी? सव्वादोन महिने झाले म्हटल्यावर त्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. दोन महिन्यांनी काय अडवणार? तक्रार झाली, फसवणुकीचं कलम लागलं. पूर्वीचं ४२०, नव्या कायद्यात ३१८ झालं, पण गावात चारशेवीसच म्हणतात. त्या मॅडमच्या खात्यात काही शिल्लक नव्हती.

मी रडत होते पैशांसाठी. हवालदारांनी विचारलं, "टोकन कुठं आहे?" तेव्हा पोटात गोळा आला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं ती सही हातच्या सहीएवढीच धरतात. त्या टोकनानं कुणी निविदा भरली, खोटे कागद जोडले, काम अर्धवट टाकलं, तर काळ्या यादीत नाव माझं जाणार. महिला म्हणून मिळणारा वाटा घ्यायला त्याला माझं नाव हवंच असणार. ५९ हजार ही वरकमाई. ज्या कंपनीनं सही दिली होती तिच्याकडे त्याच दिवशी अर्ज करून ती रद्द करून घेतली. तुमचं टोकन कुणाकडं असेल तर हे वाचून होईपर्यंत थांबू नका. आणि जेमचं खातं कोणत्या नंबरवर आहे तेही पाहा. ओटीपी तुमच्या फोनवर येत नसेल तर ते खातं तुमचं नाही.

उद्यममधली दुरुस्ती मी भाच्याजवळ बसून रात्री केली. ट्रेडिंगच्या जागी उत्पादन, माझा नंबर, माझा ईमेल. एक रुपया लागला नाही. पोत अजून सराफाकडेच आहे. गटाचं कर्ज हप्त्यानं चाललं आहे, आणि मासिक बैठकीत माझ्याकडे न पाहता सगळ्या जणी सही करतात, ते हप्त्याहून जड जातं.

दिग्रसच्या बाईनं उद्यमचे १,५०० आधीच दिले होते, टोकन मात्र परत मागून घेतलं. देताना तो तिच्यावर चिडला, तेव्हा तिनं सरळ सांगितलं की त्या फोटोतल्या ताईशी माझं बोलणं झालं आहे. चार दिवसांनी तिच्या मावसबहिणीकडे, दारव्ह्याला, तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तिनं तो मला पाठवला. हिरवी काठाची साडी, हातात प्रमाणपत्र, निळं टोकन. मागचा फलक कापून टाकलेला. मी तेवढी उरले आहे, हसताना.